टूल न चालवता लिहिलेले टूलचे लेख

कर्सर आणि गिटहबचं कोपायलट ही कोड लिहायला मदत करणारी एआय टूल्स. 'कर्सर घेऊ की कोपायलट?' एवढा साधा प्रश्न सर्चमध्ये टाकला की एकाच साच्यातून काढलेले लेख रांगेनं उभे राहतात. शीर्षकात चालू वर्ष. 'आजच्या वेगवान डिजिटल युगात' असा पहिला परिच्छेद. मग दहा टूल्स, प्रत्येकाखाली चार फायदे आणि तीन तोटे, मध्ये हिरव्या खुणांचं कोष्टक, आणि शेवटी सल्ला: 'आपल्या गरजेनुसार योग्य टूल निवडा.' अहो, कुठल्या गरजेला कुठलं टूल पुरतं हेच तर विचारायला आलो होतो!

लेख यंत्रानं लिहिला याबद्दल माझी तक्रार नाही. एखाद्यानं टूल महिनाभर वापरलं, टिपणं काढली आणि ती एआयकडून नीटनेटकी करून घेतली, तर वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. उलट, कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवून माणसानं हातानं लिहिलेला लेखही तितकाच कुचकामी असतो. त्यामुळे 'हे एआयनं लिहिलंय का' हे ओळखण्यात वेळ घालवू नये. ते ओळखणारी यंत्रंही भरवशाची नाहीत. खुद्द ओपनएआयनं स्वतःचं असं टूल जुलै 2023 मध्ये बंद केलं, आणि कारण दिलं ते कमी अचूकतेचं. एआयची खूण म्हणून डॅश मोजत बसण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: टूल चालवल्याशिवाय कळलंच नसतं असं या लेखात काही आहे का? नसेल, तर तो बोर्ड वाचून लिहिलेला मिसळीचा रिव्ह्यू.

नमुन्यासाठी अशा लेखांतल्या नेहमीच्या वाक्यांचा एक परिच्छेद जोडून पाहू:

'कर्सर हा व्हीएस कोडवर आधारित एक शक्तिशाली एआय एडिटर आहे. त्यात व्हीएस कोडची सर्व एक्स्टेन्शन्स सहज चालतात. तो तुमचा संपूर्ण कोडबेस समजून घेऊन अचूक सूचना देतो. त्यामुळे उत्पादकता 55 टक्क्यांपर्यंत वाढते. प्रो प्लॅन महिना 20 डॉलर असून त्यात 500 जलद रिक्वेस्ट मिळतात.'

व्हीएस कोड म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर. पहिलं वाक्य खरं आहे, आणि ते कर्सरच्या वेबसाइटवरही आहे.

दुसरं वाक्य चूक आहे, आणि ही चूक महागात पडते. एक्स्टेन्शन म्हणजे एडिटरला जोडायची पूरक सोय. मायक्रोसॉफ्टचं एक्स्टेन्शन मार्केटप्लेस अटींनुसार फक्त त्यांच्याच उत्पादनांसाठी आहे. पायलान्स, सी++, रिमोट एसएसएच अशी मायक्रोसॉफ्टची स्वतःची काही एक्स्टेन्शन्स लायसन्सनं व्हीएस कोडलाच बांधलेली आहेत. एप्रिल 2025 मध्ये सी++ च्या एक्स्टेन्शननं कर्सरसारख्या फोर्कमध्ये, म्हणजे व्हीएस कोडचाच कोड घेऊन केलेल्या वेगळ्या एडिटरमध्ये, चालायला सरळ नकार दिला, आणि कर्सरला अशा ठिकाणी स्वतःचे पर्याय आणावे लागले. बाकी एक्स्टेन्शन्स ओपन व्हीएसएक्स या वेगळ्या भांडारातून येतात. तिथे एखादं एक्स्टेन्शन नसतं, एखाद्याची आवृत्ती मागे असते. सी++ वर काम करणाऱ्यानं एडिटर बदलण्याआधी आपल्या एक्स्टेन्शनची यादी काढून एकेक नाव ओपन व्हीएसएक्सवर तपासायला हवं. यादी काढायला टर्मिनलमध्ये व्हीएस कोडच्या 'कोड' या कमांडला 'लिस्ट एक्स्टेन्शन्स' हा फ्लॅग दिला की झालं, दहा मिनिटांचं काम. 'सहज चालतात' लिहिणाऱ्यानं ती दहा मिनिटं घालवलेली नसतात.

तिसरं वाक्य, 'संपूर्ण कोडबेस (म्हणजे प्रकल्पातला सगळा कोड) समजतो', सगळ्यात फसवं. प्रत्यक्षात टूल फाइल्सचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याचं आकड्यांतलं रूप साठवतं आणि तुमच्या प्रश्नाच्या जवळचे तुकडे शोधून मॉडेलपुढे ठेवतं. शिवाय साधा शब्दशोधही करतं. मॉडेलला दिसतात ते एवढेच तुकडे. मॉडेलला एका वेळी दिसू शकतो तेवढा मजकूर म्हणजे त्याची खिडकी, आणि ती मोजतात टोकनांत, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांत. 2 लाख टोकनांची खिडकी ऐकायला प्रचंड वाटते. पण ढोबळमानानं कोडच्या ओळीला दहा टोकन धरली तर त्या 20 हजार ओळीच झाल्या, आणि त्यातही टूलच्या स्वतःच्या सूचना, आधीचं संभाषण, टर्मिनलचं आउटपुट यांचा वाटा जातोच. आता यातून जे घडतं ते लेखात कधी सापडत नाही: गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं वगळायच्या फायलींच्या यादीत, टाकलेल्या फाइल्स कर्सर इंडेक्सच करत नाही. बिल्डच्या वेळी तयार होणारा कोड, म्हणजे प्रोटोबफमधून (डेटाचा साचा लिहायची एक पद्धत) निघालेले क्लायंट वगैरे, बहुतेक ठिकाणी गिटइग्नोरमध्येच असतो. मग मॉडेल त्या क्लायंटमधल्या फंक्शनची नावं अंदाजानं लिहितं. नाव अगदी पटण्यासारखं असतं, फक्त अस्तित्वात नसतं. उपाय सोपा आहे: तयार झालेली फाइल संभाषणात हातानं जोडा, नाहीतर मूळ प्रोटो फाइल वाचायला सांगा.

चौथ्या वाक्यातल्या 55 टक्क्यांची जन्मकुंडली अशी. गिटहबनं केलेल्या प्रयोगात 95 डेव्हलपरना जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला. कोपायलट वापरणाऱ्यांना सरासरी 1 तास 11 मिनिटं लागली, न वापरणाऱ्यांना 2 तास 41 मिनिटं. काम एक, भाषा एक, कोरी पाटी, टूल कोपायलट. जुना कोड नाही, सहकाऱ्याचा कोड रिव्ह्यू नाही, दुसऱ्या टीमचा एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची ठरलेली वाट) नाही. त्यातून निघालेला आकडा आता कर्सर, विंडसर्फ, जेमिनी, सगळ्यांच्या नावावर खपतो, आणि तोही 'पर्यंत' लावून.

पाचवं वाक्य जून 2025 पर्यंत ठीक होतं. तेव्हा कर्सरनं 500 रिक्वेस्टचा हिशेब सोडला आणि वापराप्रमाणे, मॉडेलच्या दरानं पैसे कापायला सुरुवात केली. हा बदल लोकांना इतका नीट कळला नाही की 4 जुलैला कंपनीनं जाहीर माफी मागितली आणि अनपेक्षित बिल आलेल्यांना परतावा देऊ केला. म्हणजे प्लॅन निवडण्यासाठी वाचक ज्या आकड्यावर विसंबतो, नेमका तोच आकडा शिळा.

पाच वाक्यांत एक माहितीपत्रकातलं, एक चूक, एक अर्धवट, एक उसनं आणि एक मुदत संपलेलं. आणि व्याकरण मात्र अगदी निर्दोष.

स्वयंपाकाच्या किंवा इतिहासाच्या लेखांपेक्षा हे याच विषयात जास्त का घडतं, त्याला कारण आहे. मॉडेलचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं. ही टूल्स दर आठवड्याला बदलतात आणि मॉडेलला सवय असते ती ज्यावर सर्वांत जास्त लिहिलं गेलं ते सांगण्याची, म्हणजे साहजिकच जुनं. बरं, इंटरनेट शोधायची मुभा दिली तरी ते पहिल्या पानावरचे लेख वाचतं, आणि ते लेख कसे तयार झाले ते वर आलंच आहे. गुगलनं मार्च 2024 मध्ये घाऊक पद्धतीनं पाडलेल्या मजकुराविरुद्ध धोरण कडक केलं. मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं, याला त्या धोरणात महत्त्व नाही, हेतू काय याला आहे. भूमिका बरोबर आहे. पहिल्या पानाकडे पाहून मात्र ती जाणवत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. कोडेक्स हे ओपनएआयचं 2021 मधलं मॉडेल, ज्यावर कोपायलट सुरू झालं. त्याचा एपीआय मार्च 2023 मध्ये बंद झाला. मग एप्रिल 2025 मध्ये त्याच नावानं टर्मिनलवर चालणारं टूल आलं, मे महिन्यात क्लाउडवर काम करणारा एजंट आला. एकाच लेखात पहिल्या परिच्छेदात 'कोपायलट कोडेक्सवर चालतं' आणि चौथ्यात 'कोडेक्स हा कोपायलटचा स्पर्धक' अशी दोन्ही वाक्यं सुखानं नांदतात. कोपायलटमध्ये तर ऑक्टोबर 2024 पासून अँथ्रॉपिक (क्लॉड बनवणारी कंपनी) आणि गुगलची मॉडेल्सही निवडता येतात. त्यामुळे 'कोपायलट कसं आहे' या प्रश्नाला मॉडेलचं नाव सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

यावरून झटपट चाळणी लावता येते: लेखात मेलेली किंवा बारसं बदललेली टूल्स शोधायची. काइट नोव्हेंबर 2022 मध्येच बंद झालं, तरी 'सर्वोत्तम दहा'मध्ये अजून आहे. अॅमेझॉनचं कोडव्हिस्परर एप्रिल 2024 मध्ये अॅमेझॉन क्यू डेव्हलपरमध्ये विलीन झालं. त्याच महिन्यात गुगलच्या ड्युएट एआयचं जेमिनी कोड असिस्ट झालं. कोडियम एप्रिल 2025 मध्ये विंडसर्फ झालं आणि जुलैमध्ये कॉग्निशन या कंपनीनं ते घेतलं. सोर्सग्राफ कंपनीनं आपल्या कोडी या टूलचे फुकट आणि प्रो प्लॅन त्याच जुलैमध्ये बंद केले. मार्च 2023 मध्ये गाजावाजानं जाहीर झालेलं 'कोपायलट एक्स' हे नाव गिटहब स्वतःही आता वापरत नाही. शीर्षकात चालू वर्ष आणि आत काइट असेल, तर पान बंद करावं. वर्ष बदलायला एक स्क्रिप्ट पुरते.

आकड्यांबद्दल आणखी थोडं, कारण लेखाला वजन आणायला तेच वापरले जातात. ह्यूमनइव्हल म्हणजे पायथनच्या 164 छोट्या फंक्शनची परीक्षा. 2021 ची. त्यात 90 टक्के मिळवलेलं मॉडेल तुमच्या दहा वर्षं जुन्या जावा प्रकल्पात काय करेल हे त्यातून कळत नाही. एसडब्ल्यूई-बेंच जास्त वास्तव आहे: 12 पायथन प्रकल्पांतले 2,294 खरे इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी, आणि त्यातून माणसांनी तपासून निवडलेले 500 म्हणजे 'व्हेरिफाइड' संच. पण तिथला टक्का मॉडेल आणि त्याच्याभोवतीचं हार्नेस, म्हणजे मॉडेलकडून फाइल्स वाचून, कमांड चालवून घेणारी चौकट, मिळून पडतो. तेच मॉडेल दुसऱ्या हार्नेसमध्ये घातलं की आकडा हलतो. आणि सगळं पायथनच. तो टक्का कर्सरच्या किंवा कोपायलटच्या नावापुढे लिहिणं म्हणजे एकाची गुणपत्रिका दुसऱ्याच्या फायलीत लावणं.

उलट्या दिशेनंही तेच चालतं. जुलै 2025 मध्ये मीटर (METR) या संस्थेचा अभ्यास आला: 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्या स्वतःच्या ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांतली 246 कामं. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. मजा अशी की काम झाल्यावरही आपण 20 टक्के वेगानं उरकलं असंच त्यांना वाटत होतं. झालं, 'एआयमुळे डेव्हलपर मंदावतात' असे लेख सुरू! माणसं मोजकी, प्रकल्प त्यांना तोंडपाठ, टूल्स 2025 च्या सुरुवातीची, हे सगळं गाळून. त्या अभ्यासातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: आपल्याला किती वेळ वाचल्यासारखा वाटतो ते मोजमाप नव्हे. रिव्ह्यू लिहिणाऱ्यानं घड्याळ लावलं नसेल तर 'माझा बराच वेळ वाचला' या वाक्याला किंमत नाही, मग ते माणसानं मनापासून लिहिलेलं का असेना.

भारतातल्या वाचकाला पैशांच्या बाबतीत हे लेख अगदीच वाऱ्यावर सोडतात. '20 डॉलर म्हणजे साधारण 1,500 रुपये' असं वाक्य दिसलं की समजावं, डॉलर 75 ला होता तेव्हाचं गणित आहे. डॉलर 88 ला धरला तर 20 डॉलरचे 1,760 रुपये. कंपनी भारतीय ग्राहकाला 18 टक्के जीएसटी लावत असेल तर 2,077. कार्ड साडेतीन टक्के परकीय चलन मार्कअप घेणारं असेल तर त्याचे 73 आणि मार्कअपवरच्या जीएसटीचे 13 धरून 2,163. लेखातल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट. शून्य मार्कअपचं कार्ड वापरलं तर तेवढा शेवटचा भाग वाचतो. शिवाय ऑक्टोबर 2021 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (कार्डावरून आपोआप पैसे कापू देण्याची परवानगी) नियमांमुळे काही परदेशी कंपन्यांचं दरमहाचं आपोआप पेमेंट भारतीय कार्डावर अडतं आणि प्लॅन मध्येच फ्रीवर घसरतो. वार्षिक प्लॅन घेतला की ही कटकट टळते. पण वर सांगितलेल्या कर्सरच्या जूनसारखा बदल झाला की वर्षाचे पैसे अडकलेले असतात. सहा महिन्यांत टूल बदलायची शक्यता असेल तर महिन्याचाच प्लॅन बरा, कटकट सोसून.

आता चालवल्यावरच कळतं ते काय असतं, ते एका छोट्या कामावर पाहू. ओळखपत्रावर छापायला नाव जास्तीत जास्त ठरावीक अक्षरांत कापायचं आहे, असं फंक्शन मागा. मराठी नावं येणार आहेत, एवढं प्रॉम्प्टमध्ये लिहा आणि थांबा. स्ट्रिंगचा (मजकुराचा) साधा स्लाइस घेऊन, म्हणजे पहिली ठरावीक चिन्हं मोजून तोडून, मोकळं होणं ही इथली नेहमीची चूक. 'रमेश' कापताना ती दिसतेच असं नाही, 'लक्ष्मी' घातली की दिसते. डोळ्यांना त्यात ल आणि क्ष्मी अशी दोन अक्षरं दिसतात. पायथन मोजतं सात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, आणि दीर्घ ई. पाचवर कापलं की उरतं 'लक्ष्', पाय मोडलेलं. कार्ड छापून आल्यावर कळतं.

टूलला ही चूक दाखवली की पुढचा टप्पा सुरू होतो, आणि परीक्षा खरी तिथे आहे. पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये अक्षरसमूह ओळखायची सोय नाही, ती रेजेक्स नावाच्या बाहेरच्या पॅकेजमध्ये आहे. टूल तुमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत, ते पॅकेज आहे का ते बघतं, की न सांगता नवीन अवलंबित्व घुसडतं? जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर ही मजकुराचे अक्षरसमूह पाडणारी सोय वापरली तर आणखी एक खाच आहे. युनिकोड 15.1 मध्ये, म्हणजे 2023 साली, जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला. त्याआधीच्या नियमानं 'लक्ष्मी'चे चार तुकडे पडतात, नंतरच्या नियमानं दोन. म्हणजे तोच कोड तुमच्या लॅपटॉपवरच्या नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं टूल) पास आणि सर्व्हरवरच्या जुन्या नोडमध्ये नापास. अशा वेळी टेस्ट पडली की टूल काय करतं ते बघा: आवृत्ती तपासतं, की टेस्टमधले अपेक्षित 2 खोडून तिथे 4 लिहितं? या दोन वागणुकींतला फरक हाच त्या टूलचा रिव्ह्यू. हिरव्या खुणांच्या कोष्टकात या वागण्याला रकाना नसतो.

अशा बिघाडांची जात ठरलेली असते आणि वापरणाऱ्याला ती लगेच ओळखू येते. टेस्ट पास व्हावी म्हणून टेस्टच सैल करणं. एरर आला तर तो पकडून गिळून टाकणं आणि लॉगमध्ये एक ओळ लिहून पुढे जाणं. रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या भांडारात, तारीख फॉरमॅट करणारं फंक्शन आधीच असताना दुसरं लिहिणं, मग दोन ठिकाणी दोन टाइमझोन. जुना एपीआय वापरणं: पायडँटिक या डेटा तपासणाऱ्या पायथन लायब्ररीची दुसरी आवृत्ती जून 2023 अखेरीस आली तरी पहिल्या आवृत्तीतलं 'व्हॅलिडेटर' आणि 'डिक्ट' लिहिणं, किंवा ओपनएआयच्या पायथन लायब्ररीतली नोव्हेंबर 2023 मध्ये काढून टाकलेली चॅट कम्प्लिशनची जुनी पद्धत. यातलं पायडँटिकचं प्रकरण जास्त वाईट, कारण जुनी नावं इशारा देऊन चालतात, लगेच मोडत नाहीत, आणि कोड रिव्ह्यूमधून निसटतात. ओपनएआयचं निदान पहिल्याच रनला फुटतं.

आणि लांबलेल्या सत्रातलं विस्मरण. संभाषण खिडकीत मावेनासं झालं की टूल त्याचा सारांश करून पुढे जातं. 'मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) फायलींना हात लावू नको' ही तासाभरापूर्वीची सूचना सारांशात टिकेलच असं नाही. म्हणून कायमच्या सूचना फाइलमध्ये ठेवायच्या: अँथ्रॉपिकच्या क्लॉड कोडसाठी क्लॉड डॉट एमडी, कोपायलटसाठी डॉट गिटहब फोल्डरमधली कोपायलट इन्स्ट्रक्शन्स फाइल, कर्सरसाठी डॉट कर्सरच्या आतलं रूल्स फोल्डर, आणि बऱ्याच टूल्सना चालणारी एजंट्स डॉट एमडी. लेखात अजून फक्त 'डॉट कर्सररूल्स' ही एकच फाइल सांगितली असेल तर तो जुन्या पद्धतीवर अडकलाय. फाइल छोटी ठेवा. तीही प्रत्येक वेळी खिडकीत जागा खाते, आणि चारशे ओळींच्या नियमावलीतले मधले नियम पाळले जातील या भरवशावर राहू नये.

इथवरचं वेळ आणि पैशांचं झालं. इन्स्टॉल कमांडचं प्रकरण धोक्याचं आहे. मॉडेल जशी फंक्शनची नावं कल्पनेनं लिहितं तशी पॅकेजची नावंही लिहितं. 2025 च्या एका अभ्यासात 16 मॉडेल्सकडून कोडचे 5 लाख 76 हजार नमुने लिहून घेतले, आणि त्यात सुचवलेल्या पॅकेजपैकी 19.7 टक्के अस्तित्वातच नव्हती. अशी नावं पुन्हा पुन्हा तीच येतात, म्हणून कुणीही ते नाव आधी नोंदवून ठेवू शकतो. त्याआधी एका संशोधकानं 'हगिंगफेस-सीएलआय' या नावानं रिकामं पॅकेज टाकून पाहिलं. तीन महिन्यांत ते 30 हजारांहून जास्त वेळा डाउनलोड झालं, आणि एका मोठ्या कंपनीच्या रेपोतल्या सूचनांतही ती कमांड सापडली. हगिंगफेस या एआय मॉडेलांच्या भांडाराचं खरं टूल वेगळ्या पॅकेजमधून येतं. लेखातली कमांड टर्मिनलमध्ये चिकटवण्याआधी एवढं करा: कमांड लेखातून न घेता टूलच्या अधिकृत डॉक्समधून घ्या. एनपीएमचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या भांडारातलं, पॅकेज असेल तर 'एनपीएम व्ह्यू' आणि पॅकेजचं नाव देऊन प्रकाशक कोण, रेपोचा पत्ता काय, पहिली आवृत्ती कधीची हे पाहा. नाव स्कोपसकट जुळवा, म्हणजे पुढचं ॲट चिन्ह आणि कंपनीचं नाव धरून. स्लॅशनंतरचा भाग तसाच ठेवून वेगळा स्कोप लावणं ही जुनी युक्ती आहे. आणि शंका असेल तर इन्स्टॉलच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद ठेवणारा 'इग्नोर स्क्रिप्ट्स' फ्लॅग लावा.

हा फ्लॅग उगाच सांगत नाही. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस एनएक्स या लोकप्रिय बिल्ड टूलच्या विषारी आवृत्त्या एनपीएमवर आल्या. इन्स्टॉल होताना चालणारी त्यांची स्क्रिप्ट मशीनवर क्लॉड, जेमिनी किंवा अॅमेझॉन क्यू यांचं कमांड लाइन टूल आहे का ते शोधायची आणि परवानगी न विचारण्याचा फ्लॅग लावून त्यालाच गुप्त चाव्या हुडकायच्या कामाला जुंपायची. आणि आपले लेख? 'वेळ वाचवण्यासाठी टिप' म्हणून तोच फ्लॅग वाचकाला रोजच्या वापरासाठी सुचवतात. तो वापरायचाच असेल तर कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, नेटवर्क मर्यादित ठेवून, आणि होम फोल्डर माउंट न करता.

अशा विषयावर लिहिणाऱ्यानं लेखाच्या डोक्यावर एवढं तरी टाकावं: तारीख, टूलची आवृत्ती, मॉडेलचं पूर्ण नाव, प्लॅन, ऑपरेटिंग सिस्टिम, रेपोची भाषा आणि साधारण ओळी. तुलना करायची तर दोन्ही टूल्सना एकाच कमिटपासून, म्हणजे कोडच्या एकाच जतन केलेल्या स्थितीपासून, सुरुवात द्यावी. गिट वर्कट्रीनं दोन वेगळी फोल्डर केली की एकाचा कचरा दुसऱ्यात जात नाही. कामं तीन जातींची असावीत: नापास टेस्टसकट एक बग, तीन-चार फायलींना हात लावणारं एक फीचर, आणि वागणूक न बदलता करायचा एक रिफॅक्टर. प्रॉम्प्ट शब्दशः तोच, आणि प्रत्येक काम निदान तीनदा चालवून, कारण उत्तर दर वेळी वेगळं येतं आणि पहिल्याच वेळी छान जमलेलं काम दुसऱ्यांदा फसू शकतं. नोंदवायचं काय? लागलेली मिनिटं, बिलात पडलेले सेंट, गिट डिफचा 'स्टॅट' (किती फायली, किती ओळी बदलल्या), आणि नंतर माणसानं हातानं दुरुस्त केलेल्या ओळी. हा शेवटचा आकडा सगळ्यात बोलका. टूलनं 300 ओळी लिहून 120 बदलाव्या लागल्या तर मर्ज करणाऱ्याची संध्याकाळ गेली. दोन टूल्सचं हे सगळं दोन दिवसांत होतं. दहा टूल्सचं होत नाही, म्हणून 'दहा सर्वोत्तम'वाल्यांनी ते केलेलं नसतं, एवढं गणित शीर्षकावरूनच मांडता येतं.

वाचणाऱ्यानं तोवर लेखांऐवजी दोन ठिकाणी जावं. एक म्हणजे टूलचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही. तो रुक्ष असतो, पण तारीखवार असतो, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं ते दहा मिनिटांत कळतं. दुसरं म्हणजे इश्यू ट्रॅकर, म्हणजे वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या अडचणींची यादी. तिथे 'बेस्ट' वगैरे शोधू नका. आपली भाषा, आपलं फ्रेमवर्क किंवा आलेला एरर अवतरणचिन्हात जसाच्या तसा टाका. फक्त उघडे इश्यू पाहून थांबू नका, बंद केलेलेही पाहा. कारण बॉटनं 'बरेच दिवस हालचाल नाही' म्हणून बंद केलेला इश्यू सुटलेला असतोच असं नाही, आणि त्याच्या तळाशी कुणीतरी आवृत्ती क्रमांकासकट 'अजूनही होतंय, ही सेटिंग बंद केल्यावर थांबलं' असं दोन ओळीत लिहून गेलेलं असतं.